संगणकांची सावड

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले गाव. मध्यंतरी तिथल्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर दोन दिवस काम करण्याचा योग आला. दुसऱ्या दिवशी नववीचा वर्गही सोबत बसला होता. हृदयाचे कार्य दाखवणारी एक चित्रफीत सर्वांनी आपापल्या टॅबवर पाहायची, आणि मग चर्चा करायची, असे ठरले होते. तीस टॅब होते, तीस मुलेमुली होती, इंटरनेटची जोडणीही होती. सर्वांनी एकदमच बटण दाबले, आणि तीसही पडद्यांवर ते परिचित गोल चक्र फिरू लागले. अर्धा तास झाला तरी ते फिरतच होते. त्यात भर म्हणून थोड्या वेळाने रस्त्याच्या खोदकामात कुठे तरी केबल तुटली आणि चक्रही थांबले.

फक्त एका टॅबवर चित्रफीत होती, कारण शिक्षिकेने ती आदल्या दिवशी नमुना म्हणून उतरवून ठेवली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, बाईंच्या टॅबवर पूर्ण व्हिडिओ आहे. मग आपण तो इथल्या इथं का नाही घ्यायचा? इतक्या लांबून कशाला आणायचा?"

प्रश्न इतका सरळ होता की आम्हाला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. खरे उत्तर असे होते : घेता येतो. आपण तशी सोय केलेली नव्हती, एवढेच.

ही सोय कशी करतात, ती करताना कोणत्या अडचणी येतात, आणि ती कुठे करू नये, हे ह्या लेखात पाहू या.

आधी थोडे गणित

आपण टॅबवर जे पाहतो ते बहुधा टॅबमध्ये नसते. ते दूरच्या एखाद्या मोठ्या संगणक-केंद्रात असते. अशी केंद्रे मुंबईत आहेत, सिंगापूरला आहेत, अमेरिकेतही आहेत. ह्या व्यवस्थेला 'क्लाउड', म्हणजे ढग, असे नाव पडले आहे. नाव फसवे आहे, कारण ही केंद्रे आकाशात नसून जमिनीवरच्या भल्यामोठ्या इमारतींत असतात, आणि त्यांना वीजही भरपूर लागते.

समजा, चित्रफीत २०० मेगाबाइटची आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १६०० मेगाबिट झाले. शाळेच्या जोडणीतून सेकंदाला ४ मेगाबिट येतात असे धरू. तर एक प्रत यायला १६०० ÷ ४ = ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आत. पण तीस मुलांसाठी तीच चित्रफीत तीस वेळा आणायची, तर ४०० × ३० = १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटे! तास असतो चाळीस मिनिटांचा.

आता त्या मुलीने सुचवले तसे करू. प्रत एकदाच आणायची, आणि ती वर्गातल्या वर्गात वाय-फायवरून वाटायची. साध्या राउटरमधून सेकंदाला ४० मेगाबिट सहज जातात असे धरले, तरी तीस प्रतींना १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे पुरतात. प्रत आदल्या रात्री आणून ठेवली असेल, तर केबल तुटली काय आणि राहिली काय, वर्गाला फरक पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दूरच्या संगणकाची अडचण म्हणजे अंतर, असे आपल्याला वाटते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत केबलचे अंतर ५०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत १३,००० किलोमीटर धरले, तरी जाण्यायेण्याला १३० मिलिसेकंद पुरतात. हे डोळ्याची पापणी लवण्याइतकेच. चित्रफीत पाहणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या स्वयंचलित मोटारीने 'ब्रेक दाबू का?' असे अमेरिकेला विचारायचे ठरवले, तर तेवढ्या वेळात ती दोन मीटरहून अधिक पुढे गेलेली असेल. म्हणजे काही कामांत अंतर घातक ठरते. आपल्या गावांत मात्र अंतरापेक्षा वाट अरुंद असणे आणि ती मधेच तुटणे, हेच खरे दुखणे आहे.

ढग खाली उतरतो

गहू दळायला आपण मुंबईला पाठवत नाही. मुंबईत मोठ्या गिरण्या असतील, दळण स्वस्तही पडेल, पण नेण्याआणण्यात सगळे हातचे जाईल. म्हणून गावोगाव पिठाची गिरणी असते. संगणकाच्या कामाबाबतही हाच विचार गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे.

पहिले पाऊल १९९८ सालचे. अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेतले गणिती टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लुईन ह्यांनी 'अकामाई' ही कंपनी काढली. लोक ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा मागतात, त्यांच्या प्रती निरनिराळ्या शहरांतल्या संगणकांवर आधीच ठेवायच्या, आणि मागणाऱ्याला जवळची प्रत द्यायची, ही त्यांची कल्पना. पुढचे पाऊल २००९ सालचे. कार्नेगी मेलन विद्यापीठातले महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, फक्त साठवलेल्या प्रतीच नव्हेत, तर आकडेमोडही जवळच व्हावी. फोनला न झेपणारे काम त्याने दूरच्या ढगाकडे न पाठवता जवळच्या एखाद्या छोट्या संगणकाकडे सोपवावे. अशा जवळच्या संगणकाला त्यांनी 'क्लाउडलेट', म्हणजे ढगुला, म्हटले. २०१२च्या सुमारास सिस्को कंपनीतल्या संशोधकांनी 'फॉग', म्हणजे धुके, हा शब्द वापरात आणला. जमिनीलगत उतरलेला ढग म्हणजे धुकेच, नाही का?

संगणकांचे सगळे जाळे एखाद्या कोळ्याच्या जाळ्यासारखे डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी मोठी केंद्रे आणि अगदी कडेला आपले फोन, टॅब, शाळेतला संगणक, ग्रामपंचायतीतला संगणक. ह्या कडेलाच काम करून घेणे, ह्याला जाळ्याच्या कडेवरची संगणना म्हणू या.

पण गिरणीच्या उदाहरणात एक गोष्ट राहून जाते. गिरणीला एक मालक असतो. कडेवरचे हे संगणक वेगवेगळ्या लोकांचे, लहान, आणि दिवसातला बराच वेळ रिकामे असतात. त्यांनी एकमेकांची कामे केली तर? शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक बैल. दोघांची मिळून जोडी होते. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. कुठे हिला सावड म्हणतात, कुठे पैरा. मालकी ज्याची त्याची, काम मिळून, आणि वर मुकादम कोणी नाही. संगणकांची सावड ती हीच.

सावड कुठे फिसकटते हेही शेतकऱ्याला चांगले माहीत असते. कोणाचा बैल मोकळा आहे ते वेळेवर कळत नाही. काम नीट झाले की उरकले, ह्यावरून कुरबुर होते. कोणी घेतो पण देत नाही. संगणकांच्या सावडीपुढेही नेमके हेच तीन प्रश्न आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न : कोणाकडे काय आहे?

सोपा उपाय म्हणजे एका संगणकावर सगळ्यांची यादी ठेवायची. पण तो संगणक बंद पडला की सावडच बंद. मग यादी वाटून घेता येईल का? येते, आणि हे वर्गात करून दाखवता येते.

सोळा मुले घ्या. प्रत्येकाला चार जागांची एक चिठ्ठी द्या. प्रत्येक जागी ० किंवा १. अशा ०००० पासून ११११ पर्यंत बरोबर सोळा चिठ्ठ्या होतात. नियम एकच : ज्यांची चिठ्ठी आपल्यापेक्षा फक्त एका जागी वेगळी आहे, त्यांनाच आपण ओळखतो. म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीचे फक्त चौघे. आता ०११० ह्या मुलाने ११०१ ह्या मुलीला निरोप पाठवायचा आहे. तो तिला ओळखत नाही. पण चिठ्ठीतली एकेक जागा बदलत गेले की झाले : ०११० → १११० → ११०० → ११०१. तीन हातांत निरोप पोहोचला! कोणापासून कोणापर्यंतही चारपेक्षा जास्त हात लागणार नाहीत.

आता १११० हा मुलगा आज गैरहजर आहे असे समजा. निरोप अडला का? नाही. ०११० → ०१०० → ०१०१ → ११०१ ही वाट आहेच. अशा सर्वांत आखूड वाटा एकूण किती, हे मुलांनाच शोधू द्या. (उत्तर सहा आहे. का?)

चारऐवजी वीस जागा घेतल्या तर १०,४८,५७६ संगणक मावतात, प्रत्येकाने फक्त वीसच जण लक्षात ठेवायचे, आणि निरोप जास्तीत जास्त वीस हातांत पोहोचतो. प्रत्यक्षात वापरात असलेल्या पद्धती ह्याहून थोड्या गुंतागुंतीच्या आहेत. संगणक केव्हाही चालू-बंद होतात, म्हणून एकाऐवजी चार-पाच ओळखी राखून ठेवाव्या लागतात. पण दर पावलाला उरलेले अंतर तोडत जाण्याचे तत्त्व हेच. २००२ साली मांडलेली 'कॅडेमलिया' नावाची पद्धत ह्याच जातीची आहे.

दुसरा प्रश्न : काम नीट झाले का?

अनोळखी संगणकाने दिलेले उत्तर बरोबर कशावरून? काही कामांत तपासणे सोपे असते. ८०५१ चे अवयव पाडा म्हटले तर वेळ लागतो. पण कोणी ८३ × ९७ असे सांगितले, तर गुणाकार करून क्षणात खात्री होते. अशी कामे निर्धास्तपणे बाहेर द्यावीत.

जिथे तपासणे सोपे नसते तिथे तेच काम दोघांना द्यायचे. समजा वीस संगणकांतला एक चुकतो. दोघेही चुकण्याची शक्यता १/२० × १/२० = १/४००; आणि दोघांनी नेमकी एकच चूक करणे त्याहूनही दुर्मिळ. मात्र दोघांच्या चुका एकमेकांवर अवलंबून नसाव्यात ही अट आहे. शेजारी बसून कॉपी केलेल्या दोन उत्तरपत्रिका जुळल्या, म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको!

ह्या रीतीने फार मोठी कामे झाली आहेत. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' हा उपक्रम सुरू केला. परग्रहावरून काही संदेश येतात का, हे तपासण्यासाठी दुर्बिणीच्या नोंदींचे तुकडे करून ते जगभरच्या घरगुती संगणकांना वाटले जात. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. मार्च २०२० मध्ये तुकडे वाटणे थांबले. संदेश काही मिळाला नाही. पण त्याच धर्तीवर २००५ साली सुरू झालेल्या 'आइन्स्टाइन ॲट होम' ह्या उपक्रमाने २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार शोधला. तो सापडला अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या संगणकावर. दोघांचे उत्तर जुळले! हा उपक्रम मुळात लायगो वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधण्यासाठी काढला होता. लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. तिला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

हे उपक्रम पुरतेपणी सावडीचे नव्हेत, हेही सांगायला हवे. काम कडेवर होत होते, पण वाटप मध्यवर्ती कचेरीतूनच होत होते.

तिसरा प्रश्न : हिशेब कोण ठेवणार?

२००१ साली ब्रॅम कोहेन ह्या तरुणाने 'बिटटोरंट' ही पद्धत तयार केली. मोठ्या फाइलचे तुकडे करायचे, आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने इतरांना द्यायचा. त्यातला हिशेब अगदी गावातला आहे : जो मला देतो, त्याला मी आधी देईन. ज्याने काही दिले नाही तो रांगेत मागे. पण मग नवा आलेला, ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याने काय करायचे? म्हणून अधूनमधून एखाद्या अनोळख्यालाही संधी द्यायची. ह्यात वहीही नाही आणि कारकूनही नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या शेजाऱ्याचे वागणे लक्षात ठेवायचे.

हे कोणी करून पाहिले आहे का?

स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात ओसोना नावाचा ग्रामीण भाग आहे. तिथे चांगली जोडणी द्यायला कंपन्या उत्सुक नव्हत्या. तेव्हा २००४ साली रामोन रोका आणि त्यांच्या गावकऱ्यांनी छपरांवर अँटेना बसवून आपले जाळे आपणच विणायला घेतले. 'गिफी' नावाचे हे जाळे पुढे तीस हजारांहून अधिक ठिकाणी पोहोचले. बार्सिलोनाच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर आणखी एक पाऊल टाकले. घरोघरी लहान संगणक ठेवून त्यांवर साठवण, चित्रफिती अशा सेवा गावकऱ्यांनी एकमेकांना द्यायच्या; कोणाकडे कोणती सेवा आहे, हे ते संगणक आपसांतच कळवत. म्हणजे आपल्या सोळा चिठ्ठ्यांच्या खेळाचाच एक भाऊबंद.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने अभय करंदीकर ह्यांच्या नेतृत्वाखाली 'ग्राममार्ग' हा प्रकल्प राबवला. दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरी वापरून आधी काही गावे जोडली. ह्या लहरी झाडीतूनही बऱ्यापैकी जातात. २०१७ मध्ये ह्या प्रकल्पाला मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. त्यातली आम्हाला महत्त्वाची वाटते ती रचना : ग्रामपंचायतीनेही भागीदार व्हायचे. तार गावापर्यंत आणणे हे सरकारचे काम आहे, आणि २०११ पासून ग्रामपंचायती जोडण्याची योजना चालूही आहे. पण गावाच्या आतले जाळे गावाचे असले, तर बाहेरची तार तुटल्यावर गावातला व्यवहार चालू राहू शकतो.

वारणेचा धडा

इथपर्यंत वाचून सगळेच काम कडेवर आणावे असे वाटेल. तसे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली मोठ्या अपेक्षेने गावोगावी संगणक केंद्रे उघडली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागातल्या मंडळींनी पाहणी केली, तेव्हा त्यांना आढळले की ही केंद्रे मोजक्याच कामांना वापरली जातात, आणि ती कामे मोबाइलच्या साध्या एसएमएसने होण्याजोगी आहेत. त्यांनी सात गावांत आठ महिने तसे करून पाहिले. खर्च कमी झाला, आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त पसंत पडले.

म्हणजे ह्या कामाला गावात संगणक नको होता. एक निरोप पुरत होता. उसाचे वजन किती आणि त्याचे पैसे किती, ही नोंद कारखान्यात एकाच जागी असणे सोयीचेही आहे. अशा नोंदीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, आणि मधली तार तुटली, तर दोनच मार्ग उरतात. एक तर जोडणी येईपर्यंत व्यवहार थांबवायचा, नाही तर दोन्हीकडे चालू ठेवून नोंदी जुळणार नाहीत हा धोका पत्करायचा. तिसरी वाट नाही. एरिक ब्रूअर ह्यांनी २००० साली हा विचार मांडला, आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच ह्यांनी तो गणिताने सिद्ध केला. म्हणून बँकेतली शिल्लक, परीक्षेचा निकाल, जमिनीचा उतारा ह्यांची प्रमाण नोंद एकच ठेवावी लागते. पण धड्याची चित्रफीत, शब्दकोश, प्रयोगाच्या सूचना ह्यांच्या शंभर प्रती झाल्या तरी काही बिघडत नाही. काम कडेवर आणायचे की नाही, हे ठरवण्याची ही एक चांगली कसोटी आहे.

आणखी एक कसोटी म्हणजे खाजगीपणा. मुलांचे गुण, आजारपण, पत्ते हे शेजाऱ्याच्या संगणकावर जाता कामा नये. तसे ते दूरच्या कंपनीच्या संगणकावरही उगीच जाता कामा नये.

शाळेत काय करता येईल?

फार काही लागत नाही. एक जुना पण चालता संगणक आणि एक राउटर पुरतो. राउटरला बाहेरची जोडणी नसली, तरी तो वर्गातल्या यंत्रांना एकमेकांशी जोडतोच. 'किविक्स' ह्या मुक्त सॉफ्टवेअरने विकिपीडिया उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता येतो, आणि 'कोलिब्री'ने धडे वाटता येतात. शेजारच्या दोन-तीन शाळांनी विषय वाटून घेतले, एकीने विज्ञानाच्या फिती जमवल्या, दुसरीने गणिताच्या, आणि महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर अदलाबदल केली, तर ती सावडच झाली.

युसूफ वडगावला आम्ही दुपारी तेच केले. बाईंच्या टॅबवरची चित्रफीत शाळेच्या संगणकावर घेतली, आणि तिथून सगळ्यांना वाटली. शेवटच्या तासाला तीसही पडद्यांवर हृदय धडधडत होते. केबल अजून तुटलेलीच होती.

निघताना शिक्षिकेने एक गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्याबरोबर काही मुलेही जातात. त्या म्हणाल्या, "मेमरी कार्डात धडे भरून देते सर. कोपीवर रेंज नसते, पण धडा तरी सोबत राहतो." आम्ही एवढा वेळ जाळ्याची कड शाळेच्या भिंतीपाशी संपते असे धरून बोलत होतो. ती त्याच्याही बरीच पुढे, उसाच्या फडापर्यंत जाते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.